गाडीचा विमा : हप्ता पाहावा की कंपनी?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आपल्याकडे सोयरीक जमवायची म्हटली की माणसं चार गावं चौकशी करत फिरतात. तांदूळ घ्यायचा तर दाणा दाताखाली धरून पाहतात. आणि गाडीचा विमा? दुपारी जेवायला बसलेलं असताना फोन येतो, ‘सर, तुमची पॉलिसी संपत आली आहे, मागच्यापेक्षा दोन हजारांनी कमी लावतो,’ आणि आपण हात न धुताच होकार देऊन टाकतो. पाच-सहा लाखांची वस्तू कुणाच्या भरवशावर सोपवली, हे आपल्याला धड ठाऊकही नसतं. कंपनीचं नाव विचारलं तर उठून कपाटातला कागद शोधावा लागतो.

हे मी दुसऱ्यांना नावं ठेवण्यासाठी सांगत नाही. मी स्वतः तीस वर्षं सांगली, कोल्हापूर, सातारा या भागात वाहनांचा सर्व्हेअर म्हणून काम केलं. अपघात झाला की गाडी पाहायची, नुकसान मोजायचं आणि कंपनीला अहवाल द्यायचा, हे माझं काम. म्हणजे कोणती कंपनी प्रसंगाला कशी वागते, हे माझ्याइतकं जवळून कोणी पाहिलेलं नसेल. आणि तरीही माझ्या सख्ख्या धाकट्या भावाला चुकीचा सल्ला दिला तो मीच. आजचं बोलणं त्या चुकीतूनच सुरू होतं.

२०१९ च्या मे महिन्यातली गोष्ट. भाऊ सांगलीत गावभागात राहतो. त्याची गाडी तीन वर्षांची झाली होती, विम्याचं नूतनीकरण करायचं होतं. त्याने फोन करून विचारलं, “दादा, जुन्याच कंपनीकडे भरू, की ही नवी एकवीसशे रुपयांनी स्वस्त देतेय ती घेऊ?” मी नुकताच निवृत्त झालो होतो, कुठल्याशा लग्नाच्या गडबडीत होतो. म्हणालो, “अरे, विमा सगळीकडे सारखाच. स्वस्त मिळतोय तर घेऊन टाक.” त्याने घेऊन टाकला.

ऑगस्टमध्ये कृष्णेला पूर आला. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. २००५ च्या पुराची खूण आमच्या वाड्याच्या भिंतीवर आहे. तिच्या भरवशावर भावाने आणि शेजारच्या सरांनी आपापल्या गाड्या अंगणातल्या उंचवट्यावर लावल्या होत्या. पाणी ती खूणही ओलांडून गेलं. दोन्ही गाड्या स्टिअरिंगच्या वरपर्यंत बुडाल्या. मॉडेल एकच, वर्ष एकच, अंगण एकच आणि पाणीही एकच. फरक फक्त विमा कंपनीचा.

पाणी ओसरल्यावर चौथ्या दिवशी सरांच्या कंपनीचा माणूस आला. त्या कंपनीने मिरजेत एक हॉल घेऊन पूरग्रस्त गाड्यांसाठी तात्पुरतं कार्यालयच थाटलं होतं. क्रेनने गाडी नेली, सर्व्हेअरने पाहिली, दुरुस्तीचा खर्च परवडणारा नाही असं ठरलं आणि ‘टोटल लॉस’ म्हणून रक्कम मंजूर झाली. दसऱ्याला सरांच्या दारात दुसरी गाडी उभी राहिली.

भावाच्या कंपनीचा टोल फ्री नंबर होता. फोन लागला तर दर वेळी नवा आवाज आणि दर वेळी पहिल्यापासून कहाणी. सर्व्हेअर आला तो एकोणिसाव्या दिवशी. तोवर आतल्या गाळाला वास सुटला होता. मग गाडी दुरुस्त करायची की टोटल लॉस धरायची यावर महिना गेला. मग जुन्या कंपनीचं नो क्लेम बोनसचं पत्र आणा, मग आरसीची प्रत पुन्हा पाठवा. पैसे हातात पडले ते संक्रांत झाल्यावर. आणि तेही सरांपेक्षा साठ हजारांनी कमी.

भावजयीला त्या काळात आठवड्यातून दोनदा मिरजेला डायलिसिससाठी न्यावं लागत होतं. पाच महिने ती दोघं रिक्षाने गेली. परतताना तिला गळून गेल्यासारखं व्हायचं, आणि रिक्षा खड्ड्यांतून आपटत यायची. भाऊ मला एका शब्दाने बोलला नाही. एकदाच म्हणाला, “दादा, तू सांगितलंस म्हणून मी दुसऱ्या कुणाला विचारलं नाही रे.”

हे वाक्य मला अजून टोचतं. कारण विचारण्यासारखं बरंच होतं, आणि ते मला माहीत होतं.

आधी त्या साठ हजारांचा हिशेब सांगतो. पॉलिसीवर ‘आयडीव्ही’ म्हणून एक आकडा असतो. गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर कंपनी जास्तीत जास्त जेवढी रक्कम देईल, तो हा आकडा. सरांच्या पॉलिसीत तो साडेचार लाख होता, भावाच्या पॉलिसीत तीन लाख नव्वद हजार. एकवीसशे रुपयांच्या त्या सवलतीतला काही भाग प्रत्यक्षात आमच्याच गाडीची किंमत कमी धरून काढलेला होता! म्हणून दोन कंपन्यांचे हप्ते शेजारी ठेवताना आयडीव्ही सारखी आहे ना, हे पहिल्यांदा पाहा. ती वेगळी असेल तर ती तुलनाच नव्हे.

दुसरी गोष्ट. गाडीच्या सर्वसाधारण विम्याचे दोन भाग असतात. आपल्या गाडीमुळे दुसऱ्याला इजा झाली, त्याचं नुकसान झालं, तर त्याची भरपाई देणारा तो थर्ड पार्टी विमा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने तो सक्तीचा आहे आणि त्याचा मूळ हप्ता सरकार ठरवतं. कोणत्याही कंपनीकडे गेलात तरी तो तेवढाच. दुसरा भाग आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. घासाघीस होते ती या दुसऱ्या भागात.

पूर्वी तीही होत नव्हती. १९७३ च्या सुरुवातीला सर्वसाधारण विम्याचं राष्ट्रीयीकरण झालं. शंभरावर कंपन्या होत्या, त्यांच्या चार सरकारी कंपन्या झाल्या. दर सगळ्यांचे एकच. तेव्हा ‘कोणती कंपनी’ हा प्रश्न फारसा नव्हताच. ‘कोणत्या शाखेतला साहेब चांगला’ एवढंच लोक विचारत. २००० नंतर खासगी कंपन्या आल्या, आणि १ जानेवारी २००७ पासून स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचे दर मोकळे झाले. तेव्हापासून सवलतींची चढाओढ लागली. ग्राहकाचा फायदा झाला, नाही असं नाही. पण दर मोकळे झाले तसे सेवेतले फरकही रुंदावले, आणि आपली नजर मात्र हप्त्यावरच खिळून राहिली.

आता प्रश्न असा, की कंपनीची सेवा कशी आहे हे आधी कळावं कसं? विम्याची गंमत अशी आहे, की वस्तू आज विकत घ्यायची आणि ती चांगली की वाईट हे कळायचं संकट आल्यावर. ‘माझी अमुक कंपनी आहे, दहा वर्षं काही त्रास नाही,’ असं सांगणारा माणूस भेटला तर त्याला एकच विचारा, “क्लेम कधी केला होतात का?” नसेल केला, तर त्याच्या प्रशस्तिपत्राला अर्थ नाही. त्याने दहा वर्षं फक्त पैसे भरले. घेताना कोणतीच कंपनी त्रास देत नाही. ज्याच्या गाडीला खरोखर अपघात झाला, त्याला विचारा. एकाला नव्हे, चार-पाच जणांना. एकाच्या अनुभवावरून कंपनी वाईट ठरवणंही चूक आहे. भावाचा अनुभव हाही एकच अनुभव आहे, हे मी विसरत नाही.

याहून चांगली जागा म्हणजे गॅरेज. मोठ्या गॅरेजमध्ये विम्याचं काम पाहणारा एक माणूस असतो. कोपऱ्यातल्या टेबलावर फायलींच्या गठ्ठ्यात बसलेला असतो. त्याच्याकडे महिन्याला पंधरा-वीस कंपन्यांचे क्लेम येतात. त्याला चहा पाजा आणि तीन प्रश्न विचारा. पहिला : गाडी आल्यावर कोणत्या कंपनीची कामाला मंजुरी लवकर येते? दुसरा : सर्व्हेअरचा अहवाल गेल्यावर कोणती कंपनी पुन्हा पुन्हा शंका काढत बसते? तिसरा : गाडी तयार झाल्यावर कोणत्या कंपनीचे पैसे येईपर्यंत तुम्ही गाडी अडवून ठेवता? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर फार बोलकं असतं. ज्या कंपनीवर गॅरेजवालाच उधारी ठेवायला तयार नाही, तिच्यावर आपण का ठेवावी? मात्र पॉलिसी विकून कमिशन मिळवणारं गॅरेज असेल तर तेवढं मीठ-मिरची वजा करून ऐका.

मी सर्व्हेअर होतो तेव्हाचं सांगतो. सर्व्हेअर परवानाधारक असतो, नुकसानीचा अंदाज तो स्वतंत्रपणे देतो. पण अंतिम निर्णय कंपनीचा. माझा अहवाल गेल्यावर काही कंपन्यांकडून दोन दिवसांत निकाल यायचा. काहींकडून त्याच अहवालावर सात प्रश्न यायचे, आणि सातांची उत्तरं दिली की आठवा. नुकसान तेच, अहवाल लिहिणारा माणूसही तोच. फरक कंपनीच्या घडणीत. ही घडण जाहिरातीत दिसत नाही.

‘कॅशलेस’ या शब्दानेही भुलू नका. देशभरात आमची हजारो गॅरेज आहेत, असं कंपनी सांगते. असतील. आपल्या तालुक्यात किती आहेत ते विचारा. जतच्या माणसाला पुण्यातल्या पन्नास गॅरेजचा काय उपयोग? शिवाय कॅशलेस म्हणजे फुकट नव्हे. साध्या पॉलिसीत प्लॅस्टिक आणि रबराच्या भागांवर निम्मी किंमत घसारा म्हणून कापली जाते. ती आपल्याच खिशातून जाते. ती वाचवणारं जादा संरक्षण वेगळे पैसे भरून मिळतं.

आता आकडेवारीविषयी. प्रत्येक विमा कंपनीला आपल्या संकेतस्थळावर ठरावीक काळाने माहिती जाहीर करावी लागते. किती क्लेम आले, किती निकाली निघाले, किती किती दिवस पडून आहेत, तक्रारी किती, हे सगळं तिथे असतं. घरातल्या मुलाला किंवा मुलीला सांगा, दहा मिनिटांत काढून देतील. मात्र दोन पथ्यं पाळा. मोठ्या कंपनीच्या तक्रारी संख्येने जास्त असणारच; एकूण पॉलिसींच्या मानाने किती, ते पाहा. आणि दुसरं, हप्त्यांपोटी मिळालेल्या दर शंभर रुपयांमागे क्लेमवर किती रुपये खर्ची पडले, असं एक प्रमाण वर्तमानपत्रांत छापून येतं. लोक समजतात, शंभरातले एवढे क्लेम मंजूर झाले. तसं नाही. ते रुपयांचं प्रमाण आहे, माणसांचं नव्हे. ते चांगलं दिसूनही कंपनी संथ असू शकते.

आणि एक अगदी घरगुती परीक्षा. पॉलिसी घेण्याआधी कंपनीच्या क्लेमच्या नंबरावर रविवारी संध्याकाळी एक फोन करून पाहा. माणूस बोलतो का, किती वेळाने बोलतो, मराठीत बोलतो का. एक साधी शंका ईमेलने पाठवा आणि लेखी उत्तर येतं का पाहा. पैसे घेण्याआधी ज्यांना वेळ नाही, त्यांना नंतर तो कुठून सापडणार?

एजंटाबद्दलही सांगायला हवं. ऑनलाइन विमा स्वस्त पडतो, त्यात काही गैर नाही. पण ज्याला कागदपत्रांची सवय नाही, घरात कोणी धावपळ करणारं नाही, त्याच्यासाठी गावातला जुना, अनुभवी एजंट ही निम्मी सेवा असते. सरांच्या बाबतीत कंपनी चांगली होतीच. पण पाणी ओसरल्याबरोबर त्यांचा क्लेम नोंदवला तो त्यांच्या एजंटाने.

इथपर्यंत कंपन्यांचं बोललो. आता जरा आरसा आपल्याकडे फिरवू. तीस वर्षांत मी अडकलेले जे क्लेम पाहिले, त्यांतले कितीतरी गाडीमालकाच्या चुकीने अडकलेले होते. मागच्या वर्षी क्लेम घेतलेला असताना नूतनीकरणात ‘घेतला नाही’ असं सांगून नो क्लेम बोनस लाटायचा. गॅस किट बसवायचं आणि पॉलिसीत नोंदवायचं नाही. लायसन्स संपलेल्या पुतण्याच्या हातात गाडी द्यायची. मग कितीही नावाजलेली कंपनी असली तरी ती काय करणार?

पाण्यात बुडालेली गाडी सुरू करून पाहणं हा तर ठरलेला अपराध. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्यानंतर माझ्या तिथल्या सहकाऱ्यांनी रांगेने अशा गाड्या पाहिल्या, की ज्यांची इंजिनं पुराने नव्हे तर मालकाने किल्ली फिरवल्यामुळे गेली होती. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरलं की आतला कनेक्टिंग रॉड वाकतो. मग कंपनी म्हणते, हे नुकसान पुराचं नाही, तुमचं आहे. आणि इंजिनाचं जादा संरक्षण घेतलेलं नसेल तर वाद घालणं अवघड होतं. बुडालेली गाडी जागेवरच ठेवा, फोटो काढा, कंपनीला कळवा आणि ओढूनच न्या.

गाडी चोरीला गेली तर त्याच दिवशी पोलिसांत तक्रार नोंदवा आणि कंपनीलाही कळवा. पोलिसांत लगेच तक्रार दिलेली असेल, तर केवळ कंपनीला उशिरा कळवलं म्हणून खरा क्लेम नाकारता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिला आहे. पण निकाल आहे म्हणून उशीर करू नका. कोर्टाची पायरी चढण्यापेक्षा फोन करणं सोपं.

आणि एवढं सगळं करूनही कंपनी दाद देत नसेल तर? मग गप्प बसू नका. विमा नियामक प्राधिकरणाने २०२४ मध्ये मुदती घालून दिल्या आहेत : क्लेम कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्याने १५ दिवसांत अहवाल द्यायचा आणि अहवाल मिळाल्यावर ७ दिवसांत कंपनीने निर्णय द्यायचा. भावाच्या वेळी हे असतं तर त्याच्या हातात एक काठी आली असती. आज ती तुमच्या हातात आहे. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी कळवा. भावाची फाइल हलली ती अशाच एका पत्राने, तारखांसकट लिहिलेल्या. प्राधिकरणाच्या १५५२५५ या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते. कंपनीने तक्रार फेटाळली किंवा महिनाभरात उत्तरच दिलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे जा. त्यांची कार्यालयं मुंबईत आणि पुण्यात आहेत. फी नाही, वकील लागत नाही, आणि २०२३ पासून ५० लाखांपर्यंतची भरपाई ते देववू शकतात. ग्राहक आयोगाचा रस्ता आहेच.

मात्र सर्वांत मोठं हत्यार याहून सोपं आहे : कंपनी बदलणं. नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, तुमचा असतो. नवीन कंपनीकडे गेलात तरी तो तुमच्याबरोबर येतो. फक्त जुनी पॉलिसी संपल्यावर ९० दिवसांच्या आत नूतनीकरण झालं पाहिजे. खरं तर एक दिवसाचाही खंड नको, कारण त्या दिवशी गाडी रस्त्यावर आणली तर ती विम्याशिवाय असते. तेव्हा बोनस बुडेल या भीतीने वाईट कंपनीला चिकटून राहण्याचं कारण नाही.

२०२० च्या मे महिन्यात भावाने दुसरी गाडी घेतली, जुनीच, पण चांगली. विमा काढायच्या आधी त्याने मला फोन केला. हप्ता किती, याबद्दल एक शब्द नाही. म्हणाला, “दादा, मी गॅरेजमध्ये दोघांना विचारलंय, सरांच्या एजंटाशी बोललोय, तीन कंपन्यांची नावं काढलीत. आयडीव्ही तिघांची सारखी धरून आकडे मागवलेत. आता तू सांग.”

मी म्हणालो, “आता माझी गरज काय?”

तो म्हणाला, “गरज नाही. पण विचारायला हवं ना.”

श्रोतेहो, तुमची पॉलिसी कधी संपते, ते आज घरी कागद काढून पाहा. तारखेच्या एक महिना आधी चौकशीला लागा. जेवताना फोन आला तर शांतपणे सांगा, विचारून कळवतो. आणि खरंच विचारा.